काम्पारी : लाल रंगाचं कडू प्रकरण



आपल्या अंकात पाककृती नेहमीच येतात. उकडीचे मोदक झाले, ओव्हनमधली बाकरवडी झाली, इथल्या दुधाचं घट्ट दही कसं लावायचं तेही झालं. यावेळी जरा वेगळी पाककृती देतोय. ज्यांच्या घरी 'चालत नाही' त्यांनीही लेख जरूर वाचावा, कारण हे सगळं सुरू झालं ते आमच्या घरातल्या अशाच एका माणसामुळे.

मागे एका उन्हाळ्यात पाच-सहा कुटुंबं आमच्याकडे जेवायला होती. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून मी सकाळीच 'नेग्रोनी' नावाचं कॉकटेल काचेच्या जगमध्ये मिसळून फ्रीजमध्ये ठेवलं. शेजारी त्याच सेटमधला दुसरा जग होता, सासूबाईंनी केलेल्या कोकम सरबताचा. दोन्ही लालभडक. सासरे तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आलेले. गळ्यात माळ, आयुष्यात दारूला स्पर्श नाही. बागेतल्या उन्हातून आत आले, फ्रीज उघडला, ग्लास भरला आणि घोट घेतला.

"जावईबापू, कोकम नासलंय वाटतं. काडेचिराईताच्या काढ्यासारखं लागतंय!"

मी धावत जाऊन ग्लास हातातून घेतला. काय ते सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. सिंकपाशी जाऊन चूळ भरली आणि वरच्या खोलीत निघून गेले. त्या संध्याकाळी माझं जेवणात लक्ष नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी ते एवढंच म्हणाले, "माझं जाऊ द्या, एका घोटात कळलं मला. माझ्या जागी नात असती तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण 'एका घोटात कळलं' हे वाक्य डोक्यात राहिलं. त्यांना कळलं ते कडवटपणामुळे. तेव्हा हे कडू प्रकरण आहे तरी काय, ते नीट समजून घेऊ या.

बाटलीत काय आहे?

गास्पारे काम्पारी या गृहस्थांनी १८६० साली इटलीतल्या नोव्हारा गावी हे पेय तयार केलं. पुढे ते मिलानला आले आणि तिथल्या प्रसिद्ध गॅलेरियात त्यांनी आपलं कॅफे थाटलं. कडू वनस्पती, सुगंधी पानं-मुळं आणि फळं अल्कोहोल व पाण्यात मुरवून हा अर्क बनतो. त्यात साखरही भरपूर असते. नेमकी कृती कंपनीने आजवर गुपित ठेवली आहे. अल्कोहोलचं प्रमाण देशागणिक बदलतं. इथे इंग्लंडमध्ये ते २५ टक्के आहे, अमेरिकेत २४ टक्के.

इटलीत अशा कडू अर्कांची मोठी परंपरा आहे. त्यांतल्या बऱ्याच अर्कांत जेन्शियन नावाचं मूळ वापरतात. गंमत म्हणजे आपलं काडेचिराईत याच जेन्शियनच्या कुळातलं. म्हणजे सासऱ्यांची जीभ फार चुकली नव्हती!

आता शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं. काम्पारीचा तो लाल रंग पूर्वी कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेल्या कार्माईनचा असे. २००६ साली कंपनीने बहुतेक देशांसाठी तो बंद करून कृत्रिम रंग वापरायला सुरुवात केली. तरीही बाटली घेताना लेबलवर 'कार्माईन', 'कोचिनील' किंवा 'ई-१२०' असं काही नाही ना, ते पाहावं. दारूच्या लेबलवर सगळे घटक छापायचं बंधन सर्व देशांत नसतं, म्हणून शंका असेल तर कंपनीलाच विचारावं.

कडू का आवडावं?

कडू चव हा शरीराचा अलार्म आहे. बऱ्याच विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत. गोडासाठी मात्र मुख्य असा एकच. लहान मुलं कडू थुंकून टाकतात ते उगीच नाही.

हा अलार्म बंद न करता त्याचा आवाज कमी कसा करायचा, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. कारल्याला मीठ लावून ठेवायचं, मग चिंच-गूळ. पाडव्याला कडुनिंबाच्या पानांबरोबर गूळ. गोड आणि आंबट चवी कडूला दाबतात, आणि मीठ तर कडूला चांगलंच नरम करतं. पण कारलं शेवटी कारल्यासारखंच लागायला हवं, नाहीतर भोपळाच का करू नये? काम्पारीच्या कॉकटेलचंही अगदी हेच तत्त्व आहे.

तीन कृती

हत्यारं फार लागत नाहीत. एक पेग मेजर घ्या. तो नसेल तर १५ मिलीचे दोन टेबलस्पून म्हणजे ३० मिली. अंदाजपंचे ओतू नका.

१) अमेरिकानो : काम्पारी ३० मिली, गोड लाल व्हर्मूथ ३० मिली, वर सोडा. ग्लासात बर्फ भरून त्यावर ओतायचं, हलकेच ढवळायचं, संत्र्याची चकती लावायची. व्हर्मूथ म्हणजे वनौषधी घातलेली वाईन. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. 'कॅसिनो रोयाल' या १९५३ च्या कादंबरीत जेम्स बाँड पहिल्यांदा मागवतो ते पेय हेच, मार्टिनी नव्हे!

२) नेग्रोनी : काम्पारी, जिन आणि गोड लाल व्हर्मूथ, प्रत्येकी ३० मिली. बर्फावर ओतून वीस-तीस सेकंद ढवळायचं. १९१९ साली फ्लोरेन्सच्या एका कॅफेत कामिल्लो नेग्रोनी नावाच्या सरदाराने आपला अमेरिकानो जरा कडक करून मागितला आणि बारवाल्याने सोड्याऐवजी जिन ओतली, असं सांगतात. आमच्या भाषेत, कोडमधली एक ओळ बदलली आणि नवं व्हर्जन शंभर वर्षं चाललं!

३) गारिबाल्दी : काम्पारी ४५ मिली आणि ताज्या संत्र्याचा रस साधारण १२० मिली. लाल रंग गारिबाल्दीच्या लाल शर्टवाल्या सैनिकांचा, संत्री सिसिलीची. १८६० सालीच तो आपली फौज घेऊन सिसिलीत उतरला होता. यात चिमूटभर मीठ घालून पाहा, फरक लगेच कळेल.

व्हिस्कीवाल्यांसाठी नेग्रोनीत जिनऐवजी ४५ मिली बर्बन घातली की 'बुलेव्हार्डिए' होतं.

दोन टिपा. व्हर्मूथ ही वाईन असल्यामुळे उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. नेग्रोनी बिघडण्याचं मुख्य कारण म्हणजे कपाटात वर्षभर उघडी पडलेली व्हर्मूथ. आणि बर्फात कंजुषी नको. बारावीत पाठ केलेली लेटंट हीट आठवते? पेय थंड होतं ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे, म्हणजे थोडं पाणी मिसळणारच, आणि ते हवंच असतं. त्याने कडवटपणाची धार जाते. मोठे खडे सावकाश वितळतात, छोटे पटकन वितळून सगळं पाणचट करतात.

आता हिशेब

नेग्रोनीत जिन ४० टक्के, काम्पारी २५ टक्के आणि व्हर्मूथ १६ टक्के धरली, तर शुद्ध अल्कोहोल १२ अधिक ७.५ अधिक ४.८, म्हणजे २४.३ मिली. इथे १० मिली म्हणजे एक युनिट, तेव्हा एका छोट्याशा ग्लासात सुमारे २.४ युनिट. ४ टक्क्यांच्या एका पाइंट बिअरमध्ये साधारण २.३ असतात. बिअरचा पाइंट संपायला वेळ लागतो, नेग्रोनी चार घोटांत संपते! अमेरिकानो मात्र १.२ युनिटवर भागतो, आणि बुलेव्हार्डिए ३ युनिटवर जातो. इथल्या सरकारी वैद्यकीय सल्ल्यानुसार (२०१६) आठवड्याला १४ युनिटांपेक्षा नियमितपणे जास्त घेऊ नये, आणि तीही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून.

म्हणून आमच्याकडे आता अमेरिकानो असतो. एक ग्लास तासभर पुरतो, गप्पा होतात आणि जेवणाची चव कळते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याला तोही नाही.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. नेग्रोनी आणि अमेरिकानो कडू असल्यामुळे माणूस आपोआप सावकाश पितो. त्यात कोला, लिंबूपाणी, साखरेचं सिरप घालून कडू पार लपवलं की अलार्मची वायर कापल्यासारखं होतं. अल्कोहोल तेवढंच राहतं, ते कळत मात्र नाही. त्या दिवशी जगमध्ये नेग्रोनीऐवजी भरपूर रस घातलेलं गारिबाल्दी असतं, तर सासऱ्यांनी तहानेच्या भरात अख्खा ग्लास संपवला असता. आणि नात असती तर तिने दुसराही मागितला असता. तेव्हा कडू सांभाळावं, लपवू नये.

न पिणाऱ्यांसाठी

पार्टीत 'तुम्हाला काय, कोक चालेल?' एवढ्यावर न पिणाऱ्यांची बोळवण करू नये. इटलीतच बिनअल्कोहोलची कडू पेयं मिळतात. क्रोदिनो सोनेरी रंगाचं असतं, तर किनोत्तो एका कडवट संत्र्यापासून केलेलं काळसर. घरच्या घरी करायचं तर माझा प्रयोग करून पाहा : दोन चमचे कोकम आगळ, वर थंडगार टॉनिक वॉटर आणि बर्फ. टॉनिकमधलं क्विनीन कडू, कोकम आंबट, आणि आगळात मीठ असतंच. वेगळं मीठ घालू नका, पेय खारट होईल.

सासरे पुढच्या वर्षी पुन्हा आले तेव्हा मी हेच करून दिलं. त्यांनी आधी ग्लास नाकाशी नेला, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नाव लिहिलंय ना?" मी फ्रीज उघडून दाखवला. कोकमाच्या जगवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती. दुसरा जग नव्हताच. आता मी कॉकटेल आधी मिसळून ठेवत नाही, ग्लासात लगेच करतो, आणि बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात असते.

त्यांनी एक घोट घेतला, थोडं थांबले आणि म्हणाले, "कडू आहे. पण बरं आहे."

आमच्या घरात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही!

तेव्हा मंडळी, पुढच्या पार्टीला आधी चिठ्ठ्या आणि पेन काढा, मग ग्लास. प्रयोग करून पाहा आणि कसा जमला ते जरूर कळवा.