माणदेशी पत

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेला सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या पोळलेला आहे. पाऊस हुकला की ऊसतोडीला जायचे, शेरडे-मेंढरे विकायची, नाहीतर सावकाराचे उंबरे झिजवायचे, हेच इथले ठरलेले मार्ग. याच तालुक्यातल्या म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सुमारे तेराशे बायकांनी मिळून सात लाखांच्या आसपास भांडवल उभे केले. सरासरी काढली तर बाईमागे पाचशे-साडेपाचशे रुपये. रोजंदारीवर चालणाऱ्या घरातून तेवढे काढणेही सोपे नव्हते.

सहकारी पतपुरवठा महाराष्ट्राला नवा नाही. 1875 मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि पुढे गावोगाव सोसायट्या झाल्या. पण सोसायटी कर्ज देते सातबारा पाहून, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच असते. शेतात राबणारी, जनावरे सांभाळणारी बाई या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली.

ही उणीव चेतना सिन्हा यांना जवळून दिसली. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात घडलेल्या चेतनाताई लग्नानंतर मुंबई सोडून म्हसवडला आल्या होत्या. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला ताडपत्री घ्यावी म्हणून लोहारकाम करणारी एक बाई पैसे साठवू पाहत होती, पण एवढ्या किरकोळ रकमेचे खाते कोणतीच बँक उघडेना. मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायका अक्षरे गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही तोच हिशेब यंत्राशिवाय करायला लावा, असे त्यांनी सुचवले. परवाना मिळाला.

बँकेचे खरे वेगळेपण तिच्या रोजच्या कारभारात आहे. बँकेत जायचे तर मजुरी बुडते, म्हणून बँकेची माणसे दारोदार आणि आठवडे बाजारात जाऊन पैसे गोळा करू लागली. पासबुक घरात ठेवले की शिल्लक नवऱ्याला कळते आणि मग तो ती मागतो, हे बायकांनीच सांगितले. त्यावर पासबुकाऐवजी कार्डाची सोय झाली. बाजारात भाजी विकणारीला भांडवल लागते ते थोडे आणि थोड्या दिवसांसाठी. ते वेळेवर मिळाले नाही तर ती जबर व्याजाने उचल घेते आणि दिवसभराची कमाई व्याजातच घालवते. तिच्यासाठी बँकेने बाजाराच्या चक्राला धरून कर्ज आखले.

कर्जाला मर्यादा असते, हे 2012-13 च्या दुष्काळाने दाखवून दिले. चाऱ्यापाण्यासाठी एक बाई सोने तारण ठेवायला आली. पण गावात पाणीच नसेल तर पैसे घेऊन विकत तरी काय घ्यायचे, हा तिचा प्रश्न होता. तेव्हा बँकेची जोडसंस्था असलेल्या माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांसाठी चारा छावणी उघडली. हजारो जनावरे तिथे महिनोन्‌महिने जगली. त्या काळात कर्ज वाटले असते तर बायकांच्या डोक्यावर फक्त हप्ते चढले असते. गरज होती देणगीतून उभ्या राहिलेल्या चारा-पाण्याची. जनावर वाचले तर दुधाचा पैसा पुन्हा सुरू होतो आणि पुढचे कर्जही फिटते.

स्थानिक विकासासाठी निधी उभारणाऱ्या प्रत्येक गावाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, कमाईची वाट खुली असेल तिथे कर्ज द्यावे आणि निसर्गाने ती बंद केली असेल तिथे अनुदान. दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत, म्हणजे कर्ज बुडवायची सवय लागत नाही आणि मदत मागायची लाजही वाटत नाही. दुसरी, नियम ठरवताना कर्जदार समोर बसलेला असावा. म्हसवडच्या बायकांनी दारावरची वसुली, पासबुक, छावणी यांविषयी जे सांगितले ते कोणत्याही प्रकल्प अहवालात सापडले नसते. सातबारा नसलेल्या माणसालाही पत असते. ती ओळखणारी संस्था गावात असली, तर दुष्काळी तालुक्यातही धंदा उभा राहू शकतो.