खळगीतला काळ

अजिंठ्याच्या लेण्यांना एकेकाळी लाकडी दारं होती. ती आज उरलेली नाहीत. उरल्या आहेत त्या दगडातल्या खळग्या, ज्यांत दाराची खुंटी फिरायची. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर स्पिंक यांनी या खळग्या वर्षानुवर्षं निरखल्या. त्या कुठे कोरल्या, त्यांची पद्धत कशी बदलत गेली, काम कुठे अर्धवट सुटलं, यांवरून कोणतं दालन आधीचं आणि कोणतं नंतरचं हे सांगता येतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. वा. वि. मिराशी यांनी वाचलेले वाकाटकांचे शिलालेख हाताशी होतेच. या दोन्हींच्या आधारे स्पिंक यांनी मांडलं, की महायान काळातली अजिंठ्याची जवळजवळ सगळी लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, इ. स. ४६०च्या सुमारापासून अवघ्या वीसेक वर्षांत घडली. सगळ्या अभ्यासकांना हे पटलं नाही. पण त्यांचं म्हणणं खोडायचं तरी खोडणाऱ्याला पुन्हा त्या खळग्यांपाशीच जाऊन बसावं लागतं. कलेतिहासाचा अभ्यास म्हणजे काय, हे सांगायला मला याहून नेमकं उदाहरण सापडत नाही. सुंदर काय आणि कुरूप काय, हे ठरवण्यापेक्षा एखादी वस्तू कुणी, केव्हा, कुणासाठी आणि कशी केली हे पुराव्यानं शोधणं, हे या विद्येचं मुख्य काम.

सिएटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टनच्या पलीकडे असलेल्या रेडमंडमध्ये ही गोष्ट सांगायची गरज आहे. १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय तिथे गेलं आणि पुढच्या काळात पुण्या-मुंबईची, नागपूर-कोल्हापूरची कितीतरी अभियंता कुटुंबं त्या परिसरात स्थिरावली. अशा घरातल्या मुलीनं बारावीच्या वर्षी ‘मला आर्ट हिस्टरी घ्यायची आहे’ म्हटलं, की आईवडिलांना ऐकू येतो तो छंद. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. महाराष्ट्रात सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून आहे, तरी कलेचा इतिहास आपल्याकडे बहुधा चित्रकाराच्या अभ्यासक्रमातला एक पेपर किंवा प्राचीन भारतीय इतिहासाची एक शाखा म्हणूनच शिकवला गेला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठानं त्याला स्वतंत्र विभाग दिला, पण ती वाट मोजक्यांनाच ठाऊक. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी धावलेल्या पिढीला हा पूर्णवेळ पेशा असू शकतो हे दिसलंच नाही. माझं म्हणणं असं, की तो पेशा आहे, काटेकोर आहे, आणि रेडमंडच्या मराठी मुलांकडे त्यासाठी लागणारी दुर्मीळ सामग्री घरातच आहे. मात्र त्याची तयारी संगणकशास्त्राइतकीच लवकर आणि हिशेबानं करावी लागते.

पुराव्यासाठी लांब जायला नको. सिएटल आर्ट म्युझियमकडे आंरी मातिसचं ‘ओदालिस्क’ हे चित्र होतं, एका स्थानिक घराण्यानं देणगी दिलेलं. पॅरिसचे चित्रविक्रेते पॉल रोझेनबर्ग यांच्या वारसांनी ते आपलं असल्याचा दावा केला: दुसऱ्या महायुद्धात नाझींनी रोझेनबर्ग यांचा संग्रह लुटला, त्यातलंच हे. आता प्रश्न रंगरेषांचा उरला नव्हता. चित्र कोणत्या वर्षी कोणाच्या हाती होतं, कोणत्या विक्रेत्याच्या वहीत त्याची नोंद आहे, कोणत्या जुन्या फोटोत ते दिसतं, अशी साखळी कडी कडी जोडून तपासायची होती. संशोधकांनी ती तपासली आणि १९९९ मध्ये म्युझियमनं चित्र वारसांना परत केलं. मालकीच्या या वंशावळीला इंग्रजीत ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात आणि आज अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत खास त्यासाठी माणसं नेमलेली असतात. भारतातून चोरून नेलेल्या मूर्ती गेल्या काही वर्षांत न्यूयॉर्कहून परत येत आहेत, त्यामागेही हेच कष्ट आहेत. बाजारालाही ही साखळी लागते. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १९५४ मध्ये एका डॉक्टरनं दिल्लीत विकत घेतलं आणि पुढे कित्येक दशकं ते ऑस्लोच्या रुग्णालयात राहिलं. मार्च २०२५ मध्ये क्रिस्टीजच्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात ते सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना गेलं. चित्राचा हा सगळा प्रवास कागदोपत्री स्वच्छ होता, याचा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला किती आधार वाटला असेल!

रेडमंडच्या स्वतःच्या धंद्यालाही या विद्येची गरज पूर्वीच कळली होती. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कलासंग्रह १९८७ पासून आहे. बिल गेट्स यांनी १९८९ मध्ये जी कंपनी काढली आणि जी पुढे ‘कॉर्बिस’ झाली, तिचा मूळ विचार घरातल्या भिंतीवर पडद्यांतून चित्रं दाखवण्याचा होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांची सीडी मायक्रोसॉफ्टनं १९९०च्या दशकातच विकली. लाखो प्रतिमा साठवणं तंत्रज्ञाला जमतं. पण त्या शोधता याव्यात म्हणून प्रत्येकीला योग्य नाव, काळ, शैली आणि माध्यम देणं हे कलेतिहासकाराचं काम. गणपती आणि यक्ष यांची एकच नोंद करणारी यादी कितीही वेगानं चालली तरी कुचकामी. आज यंत्र क्षणात चित्र बनवतं, तेव्हा खरं-खोटं पारखणारी नजर आणखी मोलाची झाली आहे.

आता आक्षेप. ‘नोकऱ्या नाहीत’ हा पहिला. बराक ओबामा यांनीही २०१४ मध्ये एका भाषणात म्हटलं होतं, की कुशल कारागिरी शिकून आर्ट हिस्टरीच्या पदवीपेक्षा जास्त कमावता येईल. पुढे त्यांनी टेक्सासच्या एका प्राध्यापिकेला स्वहस्ते चिठ्ठी लिहून दिलगिरी व्यक्त केली, पण दिलगिरीनं पगार वाढत नाहीत. रेडमंडला लागूनच असलेल्या बेलव्ह्यू शहरातलं बेलव्ह्यू आर्ट्स म्युझियम २०२४ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षाअखेर सिएटल आर्ट म्युझियमचे सुरक्षा कर्मचारी वेतनासाठी संपावर गेले. संग्रहालयातला अभिरक्षक व्हायचं तर बहुधा पीएच. डी. लागते आणि जागा थोड्या असतात. हे सगळं खरं आहे आणि मुलांना ते आधीच सांगायला हवं. तरी अभिरक्षक ही या क्षेत्रातली एक जागा झाली. वस्तूंची नोंद आणि ने-आण सांभाळणारे, जतन करणारे, शिक्षण विभागातले, लिलावगृहांतले, कला-विम्यातले आणि अभिलेखागारातले लोक मिळून हे क्षेत्र चालतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि त्याबद्दल कुणी उघड बोलत नाही: व्हिसा. ग्रीनकार्डच्या लांबलेल्या रांगेत आईवडील असताना एच-४ या आश्रित व्हिसावर वाढलेलं मूल २१ वर्षांचं झालं, की त्याचा आश्रित दर्जा संपतो. बहुतेकांना मग विद्यार्थी व्हिसावर यावं लागतं. पदवीनंतर कामाची परवानगी साधारण १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक विषयांना तीत आणखी २४ महिने मिळतात, कलेतिहासाला सहसा मिळत नाहीत. म्हणून ‘आधी कॉम्प्युटर सायन्स कर’ म्हणणाऱ्या बापाला मी संकुचित म्हणणार नाही. तो मुलीला देशात राहता यावं म्हणून बोलतो आहे. यावर पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, थोडी वाट आहे. विद्यापीठांना आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट आहे, त्यामुळे विद्यापीठांची संग्रहालयं हे लक्ष ठेवण्याजोगं ठिकाण. पदवीला दोन मुख्य विषयही घेता येतात, त्यांतला एक विज्ञान-तंत्रज्ञानातला. आणि ज्या मुलांचं नागरिकत्व जन्मानंच ठरलं आहे, त्यांच्यावर ही भीती लादू नये.

तयारी म्हणजे काय, तर सर्वांत आधी भाषा आणि रसायनशास्त्र. जतनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना, उदाहरणार्थ डेलावेअरच्या किंवा न्यूयॉर्क विद्यापीठाच्या, कलेतिहासाबरोबर रसायनशास्त्र आणि प्रत्यक्ष हातानं केलेलं काम दाखवावं लागतं. ज्या घरात विज्ञान मुरलेलं आहे, त्या घरातल्या मुलासाठी हे दार अर्धं उघडंच आहे. सिएटल एशियन आर्ट म्युझियम २०२० मध्ये नव्या रूपात उघडलं, तेव्हा दालनांची मांडणी देशांऐवजी विषयांनुसार झाली आणि आशियाई चित्रांच्या जतनाचं केंद्रही तिथे आलं. तलावापलीकडच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कलेतिहास आहे, संग्रहालयशास्त्र आहे, १९२७ सालची हेन्री गॅलरी आहे. त्याच विद्यापीठात १९९६ पासून गांधारी भाषेतल्या भूर्जपत्रांवरच्या बौद्ध हस्तलिखितांचं वाचन चालू आहे. देवनागरी येणाऱ्या मुलाला संस्कृत-प्राकृताच्या वर्गात इतरांइतकं अडखळावं लागत नाही. इंटर्नशिपचं मात्र डोळसपणे पाहावं. अमेरिकी कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये ठराव करून इंटर्नशिपला पैसे द्यावेत असं आवाहन केलं. फुकट राबणं ही प्रतिष्ठेची पायरी आहे असं कुणी सांगितलं तर ते मानू नये.

आणि मराठी येण्याचा उपयोग? १७९०च्या दशकात पुण्याच्या इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी गंगाराम तांबट नावाच्या चित्रकारानं वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या पुण्यातली दृश्यं रेखाटली. त्याची चित्रं आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. हॉली शाफर या अमेरिकी अभ्यासिकेनं ती प्रदर्शनातून आणि पुस्तकातून पुढे आणली, हे मोठं काम. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मात्र पुण्यात आहेत, मोडी लिपीत लिहिलेले. कारागिरांना दिलेले पैसे, मागवलेलं सामान, बांधलेले वाडे यांचे हिशेब अशा दफ्तरांतून सापडतात. येलमधला कागद आणि पुण्यातला रुमाल एकाच टेबलावर वाचू शकतील अशी माणसं जगात फार थोडी आहेत. घरी आजीशी मराठीत बोलणाऱ्या, शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवलेल्या मुलीला मोडी शिकायला काही महिने पुरतात.