एकट्याची नाव आणि थांबण्याचा हिशेब

तंजावरहून पट्टुकोट्टैमार्गे समुद्राकडे गेले की मल्लिपट्टिणमजवळ मनोरा लागतो. सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या वास्तूसमोर पाल्कचा उथळ समुद्र पसरलेला आहे. पाणी बहुतेक वेळा इतके शांत असते, की एखादी लहान नाव घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने वाटेल तितके दूर जाता येईल असे पाहणाऱ्याला वाटावे.

असा प्रवास खरोखर केलेली माणसे आहेत. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये डॅन्यूब नदीवरच्या उल्म शहरातून घडीच्या कयाकमध्ये बसून निघाला. मजल दरमजल करत तो भारताच्या पश्चिम किनाऱ्याने सिलोनला, पुढे मद्रास आणि कलकत्त्याला गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याची रवानगी थेट स्थानबद्धांच्या छावणीत झाली.

अशा गोष्टी वाचल्या की आपले लक्ष दंडातल्या बळाकडे जाते. बळ लागतेच. पण पृथ्वीच्या उत्तर टोकाकडच्या ओसाड किनाऱ्यांवर एकट्याने महिनोन्‌महिने वल्हवणाऱ्यांच्या मोहिमा पाहिल्या तर ध्यानात येते, की त्या यशस्वी होतात किंवा फसतात त्या बहुधा किनाऱ्यावर बसून घेतलेल्या निर्णयांमुळे. ते कसे, हे समजून घेऊ.

दोन नावा, दोन समुद्र

आपल्या किनाऱ्यावरचा मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या कट्टुमरम वापरत आला. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके एकमेकांना बांधून केलेल्या या तराफ्यावर माणूस उघड्यावर बसतो. लाट अंगावर आली तर पाणी फटींतून निघून जाते. माणूस भिजतो, पण इथले पाणी कोमट असल्यामुळे भिजण्याने जीव जात नाही.

ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्काच्या लोकांपुढचा प्रश्न वेगळा होता. तिथे उन्हाळ्यातही समुद्राचे पाणी बर्फाच्या जवळपास थंड असते. म्हणून त्यांनी बंद नाव तयार केली. वाहून आलेले लाकूड आणि हाडे यांचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे ताणलेले आणि मध्ये फक्त कंबर मावेल एवढे भोक. शिकारी आत बसला की कातड्याचा अंगरखा त्या भोकाच्या कडेला घट्ट बांधत असे. नाव उलटली तरी पाणी आत शिरत नसे आणि वल्ह्याच्या एका फटक्याने शिकारी पुन्हा सरळ होई. हीच कयाक. आजची नाव फायबरग्लासची किंवा प्लॅस्टिकची असते, अंगरख्याच्या जागी रबरी झालर आली आहे. तत्त्व तेच आहे.

थंड पाण्याचे गणित

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने खेचून घेते. बर्फासारख्या पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते, याचा अभ्यास कॅनडात बराच झाला आहे. तो लक्षात ठेवण्यासाठी तिथे ‘एक, दहा, एक’ असे सूत्र शिकवतात. पहिले एक मिनिट श्वास आवरता येत नाही. धाप लागते आणि त्यातच नाकातोंडात पाणी जाऊन माणूस बुडू शकतो. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे असतात; नंतर बोटे ऐकेनाशी होतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो.

म्हणजे खरा अवधी १० मिनिटांचा. गाठ सोडणे, पंप चालवणे, बिनतारी संचाचे बटण दाबणे, सगळे त्यात बसले पाहिजे. यासाठी उत्तरेकडचे कयाकपटू गळ्याशी आणि मनगटाशी घट्ट बसणारा जलरोधक पोशाख घालतात. पोशाख निवडताना ते हवेचे नव्हे, तर पाण्याचे तापमान पाहतात. ऊन पडले आहे म्हणून हलके कपडे घालून निघणारा माणूस तिथे धोक्यात असतो.

सोबती नसला की

दोन कयाक बरोबर असतील तर एक उलटल्यावर दुसरी तिला आधार देते. पाण्यात पडलेला माणूस मित्राच्या नावेला धरून एक-दोन मिनिटांत परत आत बसतो. एकट्याला हा आधार नाही. नाव सरळ करण्याचा वल्ह्याचा फटका साधला तर ठीक. तो चुकला आणि नावेबाहेर पडावे लागले, तर वल्ह्याच्या टोकाला हवेची पिशवी बांधून त्याच्या आधाराने नावेवर चढावे लागते, तेही ज्या लाटेने नाव उलटवली त्याच लाटेत.

आज उपग्रहाला संदेश पाठवणारे संकटसूचक यंत्र मिळते. बटण दाबले की आपली जागा बचावपथकाला कळते. पण जागा कळणे आणि मदत पोहोचणे यांत अंतर असते. वस्तीपासून शेकडो किलोमीटर दूरच्या किनाऱ्यावर मदतीला काही तास, खराब हवेत त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. समोर १० मिनिटांचे गणित असताना त्या यंत्राच्या भरवशावर पाण्यात उतरता येत नाही.

वारा कुठून येतो?

कयाकचा वेग तासाला ५ ते ६ किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका. समोरून जोराचा वारा आला तर तो निम्म्यावर येतो; त्याहून जोर वाढला तर वल्हवूनही नाव जागची हलत नाही. लाटा किती उंच उठणार हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि पाण्यावरून किती लांबून आला.

भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. एकट्या नाविकासाठी हा धडा जिवाभावाचा आहे. समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा लाटा फोडतो, उतरणे अवघड करतो. पण तो दिसतो, भीती घालतो आणि नावेला किनाऱ्याकडेच ढकलतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा फसवा. किनाऱ्याजवळ लाट उठायला त्याला जागाच मिळत नाही, त्यामुळे पाणी सपाट दिसते. माणूस निर्धास्त आत जातो. एक-दोन किलोमीटरवर वाऱ्याचा जोर कळतो, तेव्हा परतायचे असते नेमके त्याच्याविरुद्ध.

आपला तंजावरचा किनारा याचे चांगले उदाहरण आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, ऑक्टोबरनंतर, पाल्कचा समुद्र खवळतो आणि उथळ तळामुळे लाटा आखूड व उभ्या होतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा तंजावर जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. याउलट नैऋत्य मोसमी वाऱ्यांत हाच किनारा शांत दिसतो, कारण वारा जमिनीवरून येत असतो. तोच वारा दमलेल्या एकट्या नावेला श्रीलंकेच्या दिशेने ढकलत नेऊ शकतो, आणि मध्ये १९७४ च्या कराराने ठरलेली सागरी सीमा आहे. वाऱ्याने वाहत गेलेल्या नावेला ती दिसत नाही.

थांबण्याचीही किंमत असते

हवा वाईट असेल तर थांबावे, हे सांगायला सोपे आहे. उत्तरेत थांबण्याचीही किंमत मोजावी लागते. तिथला समुद्र उन्हाळ्यात जेमतेम दोन-अडीच महिने मोकळा असतो. सप्टेंबरमध्ये पाणी पुन्हा गोठू लागते. आज तंबूत काढलेला दिवस शेवटी कुठेतरी कमी पडतो, शिधा मात्र रोज संपत असतो.

म्हणून अनुभवी माणसे थांबण्याचे दिवस आधीच हिशेबात धरतात. समजा, ६० दिवस हातात आहेत आणि रोज ३५ किलोमीटर जाता येते. कागदावर हे २१०० किलोमीटर होतात. पण वारा, धुके आणि बर्फ यांत २० दिवस जाणार असे धरले, तर उरतात ४० दिवस आणि १४०० किलोमीटर. मोहीम आखायची ती या १४०० ची, शिधा मात्र पूर्ण ६० दिवसांचा. ज्याने २१०० चा बेत केला, त्याला वादळाचा प्रत्येक दिवस कर्जासारखा वाटतो आणि ते फेडण्यासाठी तो नको त्या हवेत निघतो.

कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावरची दोन माणसांची हकिकत याबाबत फार बोलकी आहे. विनिपेगचा डॉन स्टार्केल हा नावाजलेला वल्हेकरी होता. १९८० ते १९८२ या काळात तो मुलासह विनिपेगहून ॲमेझॉनच्या मुखापर्यंत वल्हवत गेला होता. पुढे त्याने हडसन उपसागरावरच्या चर्चिल गावापासून आर्क्टिक किनाऱ्याने टुकटोयाकटुकला जायचे ठरवले. १९९१ मध्ये व्हिक्टोरिया जेसन त्याच्या मोहिमेत सामील झाली. ती नातवंडे असलेली बाई होती आणि कयाकमध्ये नवखी होती.

१९९२ मध्ये बर्फावरून सामान ओढून ओढून तिच्या शरीराला सूज आली आणि तिने जोआ हेवन इथे थांबायचे ठरवले. स्टार्केल एकटाच पुढे गेला. मुक्काम थोडक्यावर राहिला असताना सप्टेंबरात भोवतालचे पाणी गोठले आणि तो अडकला. बचावपथकाने त्याला जिवंत बाहेर काढले, पण हिमदंशाने त्याच्या हातांच्या बोटांची टोके आणि पायांची काही बोटे गेली. त्यापूर्वी त्याने जे अंतर कापले होते ते असामान्य होते, यात शंका नाही.

जेसन बरी झाली आणि १९९३ मध्ये परत आली, या वेळी एकटी आणि उलट दिशेने. मॅकेन्झी नदीतून ती समुद्रावर उतरली, मोसम सरत आला तेव्हा थांबली, आणि १९९४ च्या उन्हाळ्यात उरलेला टप्पा वल्हवून जोआ हेवनला पोहोचली. जिथे तिने मोहीम सोडली होती, तिथेच ती पूर्ण झाली. दोन वर्षे उशिरा, पण दहाही बोटे शाबूत ठेवून.

आपल्याकडची उदाहरणे

मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हा प्रवास एकट्याने कयाकमधून केला आणि पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे ३००० किलोमीटरचा पश्चिम किनारा पार केला. या मोठ्या मोहिमेत शांजली शाही किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर त्यांना साथ देत होत्या. पाण्यावर माणूस एकटा असला तरी तो कुठे आहे, कधी पोहोचायला हवा, हे जमिनीवर कुणाला तरी ठाऊक असणे किती मोलाचे, ते यावरून दिसते.

दुसरे उदाहरण शिडाच्या नौकेचे आहे, पण धडा तोच. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून ‘सागर परिक्रमा’ मोहीम उभी राहिली आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी २००६ मध्ये तिचे आव्हान स्वीकारले. ‘म्हादेई’ ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत नौदलाकडे आली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. तयारी तीन वर्षांची, प्रवास नऊ महिन्यांचा. चार बंदरांतले थांबेही आराखड्यात आधीपासून होते.

कॅडेटसाठी

आपल्याला मागे न हटण्याचे शिक्षण मिळते आणि ते योग्यच आहे. पण माघार आणि थांबणे यांतला फरक कळावा लागतो. मोहिमेवर, मग ती समुद्रातली असो की डोंगरातली, परतीची अट आदल्या रात्री, पोट भरलेले आणि डोके थंड असताना वहीत लिहून ठेवावी: वारा इतका झाला, दुपारचे इतके वाजले किंवा अमुक ठिकाण अमुक वेळेपर्यंत आले नाही, तर वळायचे. तिची एक प्रत मागे राहणाऱ्याकडे द्यावी. दमलेल्या, भिजलेल्या माणसाचे मन पुढे जायला हजार कारणे शोधते. त्या वेळी नव्याने विचार करत बसू नये. वही उघडून लिहिले आहे तसे वागावे.