उन्हाचे बळी मोजणारे शहर

हवामानबदलाच्या संदर्भात शहरांनी करावयाच्या कामाचे अभ्यासक दोन भाग करतात. कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचे उत्सर्जन घटवणे हे शमन, तर जो बदल आता टळण्यासारखा राहिलेला नाही, तो सोसता यावा म्हणून घरे, रुग्णालये, गटारे आणि कामाच्या वेळा यांत फेरफार करणे हे अनुकूलन. जगातील हरितगृह वायूंपैकी ढोबळमानाने ७० टक्के शहरांच्या खाती जमा होतात आणि त्यांचा हिशेब टनांत मांडता येतो. अनुकूलन यशस्वी झाले म्हणजे मात्र काही तरी घडायचे टळले, आणि जे घडलेच नाही ते मोजणे अवघड असते. भारतात हा हिशेब मांडण्याचा लक्षणीय प्रयत्न अहमदाबादेत झाला.

मे २०१० मध्ये त्या शहराचा पारा ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. उन्हाने माणूस दगावला तरी मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेच कारण लिहिले जाते, त्यामुळे उष्माघाताचे अधिकृत आकडे नेहमीच तोकडे असतात. संशोधकांनी म्हणून कारणाचा रकाना बाजूला ठेवला आणि महिन्यातील एकूण मृत्यूच मोजले. २००९ आणि २०११ या वर्षांच्या मे महिन्यांत सरासरी ३११८ मृत्यू नोंदले गेले होते, तर २०१० च्या मे महिन्यात ४४६२; म्हणजे १३४४ मृत्यू जास्तीचे. नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त झालेल्या अशा मृत्यूंना ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात, आणि पुढची सारी आखणी या एका वजाबाकीवर उभी राहिली.

याच काळातील नवजात बालकांचा एक अभ्यास आकाराने लहान असला तरी अधिक बोलका आहे. शहरातील वातानुकूलन नसलेल्या एका रुग्णालयात एप्रिल ते जून २०१० या तीन महिन्यांत उष्णतेच्या त्रासामुळे २४ बाळांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. आदल्या वर्षी ही संख्या ८ होती आणि पुढच्या वर्षी ४. २०१० च्या उन्हाळ्यानंतर प्रसूतिकक्ष खालच्या मजल्यावर आणण्यात आला होता, आणि तापमानाचा फरक हिशेबात धरूनही या स्थलांतरामुळे अतिदक्षता विभागात हलवाव्या लागणाऱ्या अशा बाळांची संख्या सुमारे ६४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. नोंदी मोजक्याच असल्याने हा आकडा काटेकोर मानू नये; पण दिवसभर तापलेल्या गच्चीखालून खाटा खाली आणण्यासाठी कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

२०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने, गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल यांच्या साहाय्याने, दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा अमलात आणला. तापमान ४१ अंशांपुढे गेले की पिवळा, ४३ च्या पुढे नारिंगी आणि ४५ अंशांपासून लाल इशारा दिला जातो, आणि त्यानुसार रुग्णालये, पाणीपुरवठा विभाग आणि प्रसारमाध्यमे यांनी काय करायचे ते आधीच ठरलेले असते. या आराखड्यामुळे २०१४-१५ च्या सुमारास वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची असल्याने तीत इतर बदलांचाही वाटा असू शकतो.

शमन आणि अनुकूलन यांचा झगडा घराच्या छतापाशी स्पष्ट दिसतो. एसी खोलीतील उष्णता गल्लीत टाकतो, बहुतांशी कोळशावर बनलेली वीज खातो आणि त्यातील शीतक वायू गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पटींनी उष्णता धरून ठेवतो. ज्याच्याकडे एसी आहे त्याची सोय होते आणि शेजाऱ्याचा उकाडा वाढतो. पत्र्यावर किंवा गच्चीवर चुन्याचा अथवा परावर्तक रंगाचा पांढरा हात दिला, तर ऊन बरेचसे माघारी जाते आणि वीजही लागत नाही. वस्त्यांमधील छते अशी रंगवण्याचा कार्यक्रम अहमदाबादने २०१७ मध्ये हाती घेतला. अर्थात धूळ बसली की परिणाम ओसरतो आणि रंग पुन्हा द्यावा लागतो.

अहमदाबादचे आकडे उचलून दुसऱ्या शहराला चिकटवणे मात्र घातक ठरेल. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४०, तर किनारपट्टीवर ३७ अंशांची मर्यादा धरतो. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या समारंभानंतर सरकारी आकड्यांनुसार १४ माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने देशातील ३७ उष्णता आराखडे तपासले. त्यांपैकी सुमारे १० आराखड्यांतच स्थानिक मर्यादा ठरवलेल्या दिसल्या, आणि कोणत्या भागातील कोणत्या लोकांना सर्वाधिक धोका आहे याची पद्धतशीर पाहणी अवघ्या २ आराखड्यांत सापडली. ही पाहणी झाल्याखेरीज चुन्याची पहिली बादली कोणत्या वॉर्डात न्यायची, हे महापालिकेला ठरवता येणार नाही.