राज्य बदलले की बंदुकीचा कायदाही बदलतो

अमेरिकेत एका राज्याचा वाहन परवाना दुसऱ्या राज्यात चालतो, बंदुकीचे तसे नाही. टेक्सासमध्ये 2021 पासून बहुतेक प्रौढांना परवान्याविना पिस्तूल बाळगून फिरता येते. न्यूयॉर्कमध्ये ते घरात ठेवायलाही परवाना लागतो. न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन जवळ असणे हाच गुन्हा. कॅलिफोर्नियात स्थायिक होणाऱ्याला 60 दिवसांत आपल्या शस्त्रांची नोंद द्यावी लागते. म्हणून बंदुकीची चौकशी सामान बांधण्याआधीच करायला हवी.

यावर कोणी म्हणेल, शस्त्राचा हक्क तर राज्यघटनेनेच दिला आहे. खरे आहे, पण 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परवान्यासाठी विशेष कारण दाखवण्याची न्यूयॉर्कची जाचक अट रद्द केली, परवाना पद्धत नव्हे. दुसरा आधार 1986 च्या संघीय कायद्याचा सांगितला जातो. तो फक्त प्रवासाला संरक्षण देतो, तेही बंदूक रिकामी असेल आणि हाताशी नसेल, शिवाय निघण्याच्या व पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ती कायदेशीर असेल तर. 2005 मध्ये न्यू जर्सीतील नेवार्कला विमान चुकलेला एक प्रवासी पिस्तुलाची बॅग घेऊन रात्रभर हॉटेलात थांबला आणि दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. बॅग हाताशी होती, म्हणून संघीय अपील न्यायालयाने 2010 मध्ये त्याला हे संरक्षण नाकारले. घर बदलणाऱ्याचा मुक्काम तर कायमचा असतो. तेव्हा नव्या राज्याचे नियम लेखी तपासा, आणि परवाना हाती येईपर्यंत पिस्तूल तिथे नेऊ नका.