चार सोनेरी पट्ट्यांचं शहाणपण

हाताशी पेन ड्राइव्ह असेल तर त्याचं धातूचं टोक उजेडात धरा आणि आत डोकावून पाहा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. नीट निरखलं तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा किंचित लांब आहेत. फरक जेमतेम मिलिमीटरभराचा, पण संगणक चालू असताना बिनदिक्कत पेन ड्राइव्ह खोचता येतो, त्यात या मिलिमीटरचा मोठा वाटा आहे. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. टोक आत सरकताना लांब पट्ट्या आधी टेकतात, म्हणून उपकरणाला अगोदर वीज मिळते आणि मग बोलणं सुरू होतं. बाहेर काढताना आधी बोलणं तुटतं, मग वीज.

नव्वदच्या दशकात संगणक हाताळलेल्यांना या सुखाचं मोल ठाऊक आहे. माउसची खाच वेगळी, मॉडेमची वेगळी, प्रिंटरची तर 25 पिनांची, दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळून बसवायची. नवं कार्ड घालायचं तर कॅबिनेट उघडून इवलेसे जंपर चिमट्याने हलवावे लागत. संगणकाचं लक्ष वेधण्यासाठी प्रत्येक कार्डाला स्वतंत्र क्रमांक लागे, तो या जंपरांनी ठरवायचा. असे क्रमांक मोजून 16, त्यातले बरेच आधीच अडकलेले. दोन कार्डांना एकच क्रमांक गेला की बिघाड ठरलेला. कुठला क्रमांक मोकळा आहे हे शोधण्याचं काम माणसाकडे होतं.

ही कटकट घरच्या प्रिंटरपाशी अनुभवलेल्यांपैकी एक होते अजय भट्ट. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले हे अभियंते तेव्हा इंटेलमध्ये होते. सगळ्या उपकरणांना एकच खाच असावी, या कल्पनेचा त्यांनी पाठपुरावा केला. पण एकट्या कंपनीने अशी खाच काढून भागणार नव्हतं, इतरांनी ती मान्य करायला हवी होती. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक यांच्यासह सात कंपन्या एकत्र बसल्या आणि जानेवारी 1996 मध्ये या सामाईक खाचेची, म्हणजे यूएसबीची, पहिली आवृत्ती जाहीर झाली.

पेन ड्राइव्ह खोचल्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत काय काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे. उपकरणातला दीड हजार ओहमचा एक रोध माहितीच्या एका तारेवरचा विद्युतदाब वर खेचतो. ‘कुणीतरी आलंय’ हे संगणकाला त्यावरून कळतं. तो नवागताला 1 ते 127 यांतला एक क्रमांक देतो, शाळेत हजेरीपटावर देतात तसा. मग चौकशी: नाव काय, कुठल्या कंपनीचा, काम काय करतोस, वीज किती लागेल? तोवर उपकरणाने 100 मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही, असा मूळ नियम. उत्तरं पटली की ती मर्यादा 500 पर्यंत वाढते. ‘मी कीबोर्ड’, ‘मी साठवणीचं उपकरण’ असा आपला वर्ग सांगितला की बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. जंपरची सगळी खटपट या संवादात सामावली. म्हणजे गुंतागुंत नाहीशी झालेली नाही. ती माणसाच्या माथ्यावरून उचलून यंत्राकडे सोपवली गेली.

2014 मध्ये आलेल्या टाइप-सी या यूएसबीच्या नव्या टोकाने पुढचं पाऊल टाकलं. यात 24 संपर्कबिंदू आहेत आणि त्यांची मांडणी अशी की टोक उलटं घातलं तरी चालतं. कुठल्या बाजूने घातलंय, हे एका खास तारेवरून उपकरणाला समजतं. त्याच तारेवर चार्जर आणि फोन विजेचा सौदा करतात. सौदा ठरेपर्यंत पाचच व्होल्ट. ठरला की नव्या नियमांनुसार 240 वॉटपर्यंत वीज देता येते. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइल फोनना टाइप-सी सक्तीचं केलं. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं आहे.

मात्र सोपेपणा एकदा कमावला म्हणून कायमचा राहत नाही. आज सारख्याच दिसणाऱ्या दोन टाइप-सी केबलींपैकी एक फोन झपाट्याने चार्ज करते, दुसरी रेंगाळते. एकीवरून मोठी चित्रफीत झरझर जाते, दुसरीवरून तासभर लागतो. टोक एक, कुवत निराळी, आणि निवड पुन्हा गिऱ्हाइकाच्या गळ्यात. केबलीवर तिचा वेग आणि वॉट ठळक छापले तरी हा घोळ बराच निस्तरेल. विकत घेताना आपण ते आग्रहाने विचारलं पाहिजे.

कारण टोक नीट आखण्याच्या कामाचं फळ फार दिवस पुरतं. पंचवीस वर्षांपूर्वीचा यूएसबी कीबोर्ड आज नव्या संगणकाला जोडला तर बहुधा लगेच चालू लागतो. नवं घेताना जुनं टाकावं लागू नये, याची काळजी ज्यांनी ते टोक आखताना घेतली, त्यांच्यामुळेच तो कीबोर्ड अजून भंगारात गेलेला नाही.