दोन किल्ल्यांचा रेडिओ

सहामाही क्लोजिंगची रात्र म्हणजे काय, ते एखाद्या जुन्या बँकवाल्याला विचारावे. रात्रीचे अकरा वाजलेले. टेबलावर लेजरांचे ढीग, बाजूला चहाचे रिकामे ग्लास, आणि बॅलन्स काही केल्या जुळत नाही. फरक किती, तर अठरा रुपये. नवखा कारकून घाम पुसत पहिल्या लेजरच्या पहिल्या पानापासून पुन्हा बेरजा करायला बसे. आमचे अकाउंटंट मात्र लेजरला हात लावत नसत. ते आधी नुसते फरकाकडे बघत. याला नवाने भाग जातो का? जात असेल तर कुणीतरी ५३ चे ३५ लिहिले असणार. फरक सम आहे का? मग त्याच्या निम्मी रक्कम शोधा. नावेची नोंद जमेला पडली असेल. दहा मिनिटांत चूक सापडे आणि शेवटची लोकल मिळे.

हे सारे आज आठवायचे कारण आगरच्या घरातला माझा रेडिओ.

रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. हौशी रेडिओ, ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात, तो. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची वायरलेस शाखा त्यासाठी परीक्षा घेते आणि परवाना देते. परवाना हाती आला की आपण आपल्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलू शकतो, मग तो सांगलीत असो की सायबेरियात. मध्ये ना टेलिफोन कंपनी, ना मनोरा. मी ही परीक्षा नोकरीत असतानाच दिली होती. पण हौस खरी फुलली ती निवृत्तीनंतर, डहाणूजवळच्या आगर गावात वडिलोपार्जित घर दुरुस्त केले तेव्हा. आगर या शब्दाला कोकणपट्टीत दोन अर्थ आहेत, माडापोफळींची बाग आणि मिठागर. माझ्या रेडिओला दोन्ही अर्थांचा अनुभव आला. दोन माडांच्या मध्ये वीस मीटरची तार बांधता आली, हे पहिल्या अर्थाचे सुख. दुसऱ्या अर्थाचे दुःख पुढे सांगतो.

सगळे छान चालले होते. मग सौ.च्या उपचारांसाठी आम्हाला बोरिवलीला मुक्काम हलवावा लागला. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावते, त्यामुळे आगर लांब राहिलेले नाही. तरी दर आठवड्याला जाणे जमेना. बोरिवलीच्या इमारतीत अँटेना लावायची तर सोसायटीच्या सभेत विषय मांडावा लागेल, आणि तो मंजूर होईपर्यंत माझे वय काय होईल हे देवच जाणे. तेव्हा एका भाचेजावयाने सुचवले, ‘‘काका, रेडिओ आगरलाच राहू द्या. तिथे एक छोटा कॉम्प्युटर जोडा आणि इथून इंटरनेटवरून चालवा.’’

कल्पना नवी नव्हती. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाने २००८ साली एक रिसीव्हर इंटरनेटला जोडला आणि जगातल्या कुणालाही घरबसल्या त्यावर हवे ते स्टेशन लावून ऐकता येऊ लागले. आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदला तर याहून भव्य प्रकार आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यातल्या चौदा मध्यभागी आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. त्या हलवायला प्रत्येकीपाशी माणूस उभा नसतो. जमिनीखालच्या प्रकाशतंतूंतून हुकूम जातो आणि मध्यवर्ती खोलीत बसून सगळ्या वळवता येतात.

मी स्वतःपुरता एक नियम केला. परवान्यावर केंद्राचा पत्ता लिहिलेला असतो आणि यंत्रातून जे काही बाहेर जाईल त्याला जबाबदार परवानाधारक. म्हणून बोलायचे ते आगरला बसूनच. बोरिवलीहून फक्त ऐकायचे. हा नियम मी पाळला. यंत्राने मात्र एकदा मोडला.

पण आधी बिघाडांची ओळख करून देतो, कारण यंत्र लांब असले की बिघाडाचे स्वरूपच बदलते. समोरचे यंत्र बंद पडले तर आपण दिवा बघतो, हात लावून बघतो, वास घेतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे यंत्र बंद पडले की पडद्यावर एकच वाक्य येते, ‘संपर्क होऊ शकत नाही’. या एका वाक्यामागे किमान पाच वेगळी कारणे दडलेली असतात.

पहिले कारण वीज. पावसाळ्यात ती जाते, येते, पुन्हा जाते. आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल अशी सोय नसेल तर घरात दिवे लागतात आणि कॉम्प्युटर झोपून राहतो.

दुसरे कारण पत्ता. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो आणि तो बदलू शकतो. त्यात अनेक ठिकाणी कंपनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा क्रमांक देते. चाळीला एकच पत्रपेटी असावी तसे. आतून पत्र टाकता येते, पण बाहेरचे पत्र नेमक्या खोलीत पोचत नाही. यावर उपाय असा की बाहेरून हाक मारायचीच नाही. घरातल्या कॉम्प्युटरनेच बाहेरच्या एका ठरलेल्या ठिकाणी जोडणी करून ती धरून ठेवायची. आपण त्या ठिकाणी जाऊन भेटायचे.

तिसरे कारण दार. कॉम्प्युटर आणि रेडिओ एका केबलने जोडलेले असतात आणि कॉम्प्युटर त्या दाराला क्रमांक देतो. वीज जाऊन आली की कधी कधी तीन नंबरचे दार पाच नंबरचे होते. प्रोग्रॅम बिचारा तीन नंबरवर ठोठावत बसतो.

चौथे कारण आवाज. रेडिओ हुकूम ऐकतो, आकडे बदलतात, पण आवाज तुटक येतो. इथे बहुतेक लोक इंटरनेटचा वेग वाढवून घेतात आणि पैसे वाया घालवतात. वेग पुरेसा असतो. पण आवाजाची पाकिटे एका तालात येत नाहीत, कधी तीन एकदम तर कधी एकही नाही. आपल्या बाजूला थोडा साठा करून मग वाजवले की तुटणे थांबते. आवाज अर्धा सेकंद शिळा होतो, एवढेच.

पाचवे कारण मिठाचे. सगळे चालू, आवाजही येतो, पण नुसती खरखर. एकही स्टेशन नाही. अशा वेळी मी वेगवेगळे बँड लावून बघतो. अँटेना जोडलेली असेल तर प्रत्येक बँडची खरखर निराळी असते, काटा कमीजास्त होतो. सगळीकडे काटा सारखाच मेलेला दिसला तर समजावे, अँटेनाच तुटली. दोन पावसाळ्यांत माझ्या केबलच्या टोकाला खाऱ्या वाऱ्याने हिरवा थर चढला होता. आगर शब्दाचा दुसरा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आणि कधी कधी दोष कुठेच नसतो. मे २०२४ च्या दहा-अकरा तारखेला मी तीन तास प्रत्येक जोडणी तपासत होतो. शेवटी परदेशातला दुसरा रिसीव्हर लावून पाहिला, तर तिथेही शुकशुकाट. सकाळी बातमी आली की सूर्यावरून मोठे वादळ आले होते आणि लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला. मी आपला बोरिवलीत राउटर बंद-चालू करत बसलो होतो!

आता ती गोष्ट. आगरच्या घराशेजारी एक मांगेला कुटुंब राहते. वहिनी घराची किल्ली सांभाळतात आणि त्यांचा धाकटा मुलगा कॉलेजात शिकतो. रेडिओ रुसला की मी त्याला फोन करतो. गेल्या पावसाळ्यापूर्वीच्या एका संध्याकाळी अशीच खरखर. मी त्याला म्हटले, ‘‘बाळा, जरा वाडीत जा. माडाजवळ तारेचे टोक खाली आले आहे का ते बघ.’’ तो निघाला. वहिनी घरातच होत्या. त्याला जायला दोन मिनिटे लागणार, तोवर रिकामे कशाला बसा, म्हणून मी इथून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला.

फोनवर वहिनींचा आवाज आला, ‘‘भाऊ, त्या पेटीवर लाल दिवा लागलाय. आन् आतून पंख्यासारखा आवाज येतोय.’’

लाल दिवा म्हणजे प्रक्षेपण. कॉम्प्युटर सुरू होताना ज्या दारातून रेडिओला हुकूम जातात, त्या दारातल्या दोन तारा क्षणभर, आणि कधी कधी क्षणाहून जास्त, आपोआप जिवंत होतात. त्यातल्या एकीला मी कधीकाळी प्रक्षेपणाचे बटण जोडले होते, दुसरीला मोर्सची कळ. म्हणजे आगरला कुणीही बटण न दाबता रेडिओ पूर्ण ताकदीने वाडीतल्या तारेत वीज ओतत होता. तारेच्या टोकाशी अशा वेळी शेकडो व्होल्ट चढतात. हात लागला तर कातडी भाजते. आणि त्या टोकाकडे मी स्वतःच एका पोराला पाठवले होते.

मी ओरडलो, ‘‘वहिनी, भिंतीवरचा खटका पाडा! आधी खटका!’’ त्यांनी पाडला. दिवा विझला. मग त्यांनी मुलाला हाका मारल्या. तो अजून विहिरीपाशीच होता, चप्पल चिखलात रुतली म्हणून थांबलेला. ‘‘काय झालं काका?’’ असे त्याने विचारले तेव्हा मला एकदम उत्तर देता आले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. चूक तारेची नव्हती, कॉम्प्युटरचीही नव्हती. एकाच वेळी दोन टोकांना दोन हुकूम दिले, ही चूक. बँकेत कुणी असे केले असते तर मी त्याला मेमो दिला असता. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आगरला गेलो आणि रेडिओच्या लॉगबुकात ती नोंद स्वतःच्या हाताने केली. वेळ, कालावधी, कारण.

अमेरिकेच्या ‘नासा’ने व्हॉयेजर-१ हे यान दुरुस्त केले त्याची हकीकत मी नंतर पुन्हा वाचून काढली. १९७७ साली सोडलेले ते यान नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाएकी निरर्थक आकडे पाठवू लागले. अंतर सुमारे २,४०० कोटी किलोमीटर. निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि जवळपास दोन दिवस हात बांधून बसायचे. त्यांनी यानाच्या संगणकाची सगळी स्मृती मागवली. तिचा सुमारे तीन टक्के भाग एका चिपमुळे नासला होता. तिथला प्रोग्रॅम तुकडे करून इतर मोकळ्या जागांत हलवला आणि २० एप्रिल २०२४ ला यान पुन्हा सुसंगत बोलू लागले. त्या माणसांची हुशारी मोठीच. पण मला त्यांचा धीर जास्त मोठा वाटला. उत्तर येईपर्यंत त्यांनी दुसरा उपाय घाईने लादला नाही. मला मात्र दोन मिनिटे धरवली नव्हती.

एवढा खटाटोप कशासाठी, असे सौ. विचारते. प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. शाळेची मुले तंबूत बसून शिकली, माणसे थंडीत घराबाहेर झोपली. मोबाइल चालतो तोवर चालतो. १९९९ चे ओडिशाचे चक्रीवादळ, २००१ चा भुजचा भूकंप, या वेळी टेलिफोन गेल्यावर हौशी रेडिओवाल्यांनीच निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा गट अंदमानात केवळ हौशी संपर्काच्या मोहिमेसाठी गेला होता. त्सुनामी आली आणि त्यांचे यंत्र बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवू लागले.

पण इथेच मेख आहे. ज्या दिवशी आगरच्या रेडिओची खरी गरज पडेल, त्या दिवशी इंटरनेट आधी जाईल आणि बोरिवलीतला मी निरुपयोगी ठरेन. त्या दिवशी उपयोग होईल तो यंत्राशेजारी बसलेल्या माणसाचा.

म्हणून मी दोन कामे केली. पहिले, कॉम्प्युटर आणि प्रक्षेपणाचे बटण यांतली तार कायमची कापून टाकली, आणि ठरावीक वेळेनंतर प्रक्षेपण आपोआप बंद करणारी रेडिओतली सोय चालू केली. बोलण्याचा माइक एका लाकडी पेटीत ठेवला आणि पेटीला दोन कुलपे लावली. बँकेच्या तिजोरीसारखी. एक किल्ली माझ्याकडे, एक वहिनींकडे. दोघे हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही.

दुसरे काम चालू आहे. शेजारचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करतो आहे. दर रविवारी मी त्याला फोनवर एक बिघाड सांगतो आणि तो कारण शोधतो. मागच्या रविवारी मी म्हटले, ‘‘आवाज येतोय, स्टेशन नाही.’’ तो लगेच म्हणाला, ‘‘काका, आधी बँड बदलून बघतो. वाडीत नंतर जातो. आणि तोवर तुम्ही तिकडून काहीही करायचं नाही.’’

तो परीक्षा पास झाला आणि त्याच्या नावाचा परवाना आला की माझी किल्ली त्याला देणार आहे. वहिनींची मात्र वहिनींकडेच राहील. दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवू नयेत, एवढे मी नोकरीत शिकलो आहे.